गाडी सावलीत, पॅनेल उन्हात

आधीच सांगते, कॅराव्हॅन हा शब्द आम्ही फक्त नातेवाइकांपुढे भाव खायला वापरतो. दारात उभी आहे ती मारुतीची साधी पाच सीटर ईको, मागे प्लायचे दोन खोके, त्यावर फळी, फळीवर गादी, खिडक्यांना सासूबाईंनी जुन्या साड्यांचे शिवून दिलेले पडदे, आणि घरी आलं की हे सगळं उचलून बाल्कनीत. गाडीच्या बॉडीत एकही भोक पाडलेलं नाही. मोटार वाहन कायद्यात कलम ५२ आहे, गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करायचा तर आरटीओची परवानगी लागते, आणि आमच्या घरात त्यासाठी खेटे घालायला कोणीच तयार नव्हतं. म्हणून ठरलं की जे काही करायचं ते उचलून ठेवता येईल असंच करायचं. तेव्हा हा आळशीपणा वाटला होता, पुढे तोच कामाला आला.

बरेच जण विचारतात गाडीवर सोलर कसं केलं, किती खर्च आला, कुठलं पॅनेल, म्हणून एकदा सगळं लिहून काढते. चुकांसकट, कारण चुकाच जास्त केल्यात.

पहिल्या ट्रिपला आम्ही घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी घेऊन गेलो होतो. हसू नका. दीडशे एएचची (एएच म्हणजे अँपियर-अवर, बॅटरीत किती मावतं त्याचं माप) ट्युब्युलर, म्हणजे ॲसिडवाली जाडजूड, वजन ५८ किलो, नवरा आणि खालच्या मजल्यावरचा मुलगा अशा दोघांनी जिन्यातून उतरवली आणि ड्रायव्हरच्या सीटमागे दोरीने बांधली. तारकर्लीला निघालो होतो, फोंडा घाटाने. घाटातल्या वळणांवर मागून एक झोंबणारा वास यायला लागला, मला वाटलं लेकीने काहीतरी सांडलं. खाली उतरून बघितलं तर बॅटरीच्या बुचांतून ॲसिड हिंदकळून सतरंजीवर आलेलं. चहाच्या टपरीवरून खायचा सोडा मागून घेतला, तो टाकला, फस्सकन फेस आला, पुसून काढलं आणि पुढे गेलो. सतरंजीला तेव्हा काहीच झालेलं दिसत नव्हतं. घरी आल्यावर मशीनला लावली आणि बाहेर काढली तर चाळण झालेली, बोट घातलं की आरपार. ही बॅटरी एका जागी बसून राहायला बनवलेली असते हे मामांनी नंतर सांगितलं, म्हणजे ओरडूनच सांगितलं.

आमचे मामा म्हणजे एमएसईबीतून रिटायर झालेले वायरमन, साताऱ्याला असतात. या सगळ्या प्रकरणात डोकं त्यांचं आणि हौस आमची.

बरं, त्या ५८ किलोतलं कामाला किती येतं? लेड ॲसिड बॅटरी अर्ध्याच्या खाली नेली की तिचं आयुष्य झपाट्याने कमी होतं, म्हणजे दीडशेतले पंचाहत्तर एएच वापरायचे आणि उरलेल्यांचं ओझं नुसतं घाटातून फिरवायचं. ईको मुळात नऊशे-साडेनऊशे किलोची गाडी, बाराशे सीसीचं इंजिन, त्यात आम्ही चार माणसं, पाण्याचे दोन कॅन, तंबू, भांडी, सासूबाईंचा डबा. परतीच्या चढाला गाडी पहिल्या गिअरमध्ये कण्हत होती. आणि नवऱ्याच्या डोक्यात तेव्हा असं होतं की पुढच्या खेपेला टपावर कॅरियर लावून त्यावर घराला बसवतात तसलं मोठं काचेचं पॅनेल टाकू, एका मित्राकडे एक पडून होतं. ३३० वॅटचं, दोन मीटर लांब, एक मीटर रुंद, २२ किलो, शिवाय त्याचं लोखंडी स्टँड. मामा म्हणाले, "जावईबापू, हायवेला वारं भरलं ना त्यात, तर पॅनेल राहील कात्रजला आणि तुम्ही पोचाल साताऱ्याला."

तर मामांनी आम्हाला आधी वही-पेन घेऊन बसवलं. दुकानात जायच्या आधी काय-काय चालवायचंय ते लिहा म्हणाले. हे काम सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं आहे, आणि नेमकं हेच कोणी करत नाही. आमचा हिशेब असा निघाला. तीस लिटरचा बारा व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसरचा छोटा फ्रीज, चालू असताना ४५ वॅट खातो पण सतत चालू नसतो, कोकणातल्या उकाड्यात दिवसाला साधारण ३५० वॅट-अवर (वॅट गुणिले तास). दोन डीसी पंखे, म्हणजे थेट बॅटरीवर चालणारे, १५ वॅटचे, रात्रभर नऊ तास, म्हणजे २७०. एलईडीच्या पट्ट्या ४०. तीन मोबाइल मिळून ४५. नवऱ्याला सुट्टीतही लॅपटॉप उघडायची खोड आहे, त्याचे शंभर धरा. सगळं मिळून आठशेच्या आसपास. इंडक्शन मी पहिल्याच झटक्यात खोडलं, दोन हजार वॅटची शेगडी बारा व्होल्टवर चालवायची म्हणजे बॅटरीतून दीडशे अँपियरच्या वर ओढायचे, ते आपलं काम नाही, पाच किलोचा छोटा सिलेंडर झिंदाबाद.

आठशे वॅट-अवर हा आकडा हातात आला आणि बाकीचं आपोआप ठरत गेलं. शंभर एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, १२.८ व्होल्ट, म्हणजे १२८० वॅट-अवर, आणि त्यातलं ऐंशी-नव्वद टक्के बिनधास्त वापरता येतं. वजन बारा किलो. मी एका हातात पर्स आणि एका हातात बॅटरी घेऊन जिना उतरते. घेतानाचा आकडा बघून पोटात गोळा येतो हे खरंय, आमचा पूर्ण सेटअप फ्रीज सोडून साठ हजारांच्या आत झाला आणि त्यातला जवळजवळ निम्मा या एका डब्यात गेला. पण कुठे कंजुषी करायची आणि कुठे नाही हे विचाराल तर इथे करू नका.

ठेवायची कुठे हाही एक घोळ झाला. पहिल्यांदा तीही ड्रायव्हर सीटमागेच ठेवली होती, दोरी तयार होती ना. पण ईकोचं इंजिन पुढच्या सीटांखाली असतं, चार तास गाडी चालली की त्या जागेला हात लावता येत नाही. या बॅटरीच्या कागदावर चार्जिंगची मर्यादा ४५ डिग्री लिहिलीय. मे महिन्यात सोलापूरच्या बाजूला बंद गाडी उन्हात उभी केली तर तेवढं इंजिनाशिवायही होतं. आता ती अगदी मागे, मागच्या दाराजवळच्या खोक्यात असते, खोक्याला चारी बाजूंनी भोकं पाडलीत आणि उन्हात थांबलो की मागचं दार उघडं टाकतो.

आता पॅनेल. हलकं पाहिजे म्हणून आम्ही वाकणारं पॅनेल घेतलं, शंभर वॅटचं, दोन किलोचं, जाड चटईसारखं. टपाला डबल टेप आणि कडेने सिलंट लावून चिकटवलं. दिसायला काय सुंदर, गाडीला जणू गंध लावलं! पहिल्या दिवशी भर दुपारी मीटरवर बघितलं तर साठ वॅट. कंपनीने फसवलं म्हणून नवरा चिडला, पण तो प्रकार वेगळा होता. पॅनेलला ऊन पाहिजे पण उष्णता नको. पंचवीस डिग्रीच्या वर प्रत्येक डिग्रीला त्याची ताकद साधारण ०.३५ टक्क्याने उतरते. काचेच्या पॅनेलखाली मोकळी जागा असते, हवा खेळते, आणि आमचं बिचारं तापलेल्या पत्र्याला पोट चिकटवून पडलेलं, सत्तर डिग्री सहज झाले असतील. तेवढ्यानेच पंधरा टक्के गेले. शिवाय टपावर ते सपाट असतं, हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला, त्यातही जातं. दीड वर्षात त्यावर तपकिरी ठिपके आले, पोळीवर येतात तसे, म्हणजे आतले सेल तिथे जळायला लागलेले. कंपनीचं नाव विचारू नका, वॉरंटीवाल्यांनी फोन उचलायचं सोडून दिलंय.

पण टपावरच्या पॅनेलचा खरा लोचा हा नाहीच. तो कळला दुसऱ्या तारकर्ली ट्रिपला. आपण दुपारी बाराला समुद्रावर पोचलो की गाडी कुठे लावतो? सावलीत. सुरूच्या बनात, नाहीतर आंब्याखाली, फणसाखाली, सावली मिळत नसेल तर जागा बदलून. परदेशातले व्हिडिओ बघून आपण टपावर पॅनेल लावतो, तिकडे त्यांना ऊन पाहिजेच असतं, थंडी असते. आपल्याकडे पॅनेलसाठी गाडी उन्हात लावली तर आत भट्टी, फ्रीज दुप्पट चालतो, पंखे दुपारीच लावावे लागतात, म्हणजे जेवढं कमावलं त्याच्यापेक्षा जास्त खर्च. आणि सावलीत लावली तर मीटरवर नऊ वॅट. मी स्वतः बघितलंय, नऊ. सुरूची सावली तर फसवी, जाळीसारखी, वाटतं ऊन येतंय की भरपूर, पण पॅनेलच्या एका कोपऱ्यावर जरी सावली पडली तरी त्या ओळीतले सगळे सेल मान टाकतात.

तेव्हा मामांनी फोनवर एक वाक्य सांगितलं आणि सगळा प्रश्नच सुटला. "अगं, गाडी सावलीत लाव आणि पॅनेल उन्हात टाक, वायर कशाला असते?"

मग आम्ही घडीची पॅनेल्स घेतली, कापडी बॅगेसारखी उघडतात, मागे टेकू असतो, शंभर-शंभरची दोन, प्रत्येकी चार-साडेचार किलो. गाडी सुरूखाली, पॅनेल बाहेर वाळूच्या कडेला, दोन्हींच्या मधे आठ मीटर वायर. सकाळी पूर्वेला तोंड, जेवताना सरळ, चहाच्या वेळी पश्चिमेला, हे काम लेकीचं, ती त्याला सूर्यफूल ड्यूटी म्हणते. असं दिवसातून तीनदा फिरवलं की दोनशे वॅटमधून आमच्याकडे सातशेच्या आसपास वॅट-अवर निघतात. टपावरून कधीच निघाले नसते.

वायरीबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहिते कारण इथे सगळेच पडतात. या पॅनेलच्या पाठीवर एक छोटा कंट्रोलर, म्हणजे बॅटरी कशी आणि किती भरायची ते सांभाळणारा डबा, चिकटवलेला येतो आणि सोबत मऊ बारीकशी वायर. आम्ही तेच जोडलं. दोन दिवस झाले, कंट्रोलरवर हिरवा दिवा, बॅटरी फुल्ल म्हणतोय, आणि बॅटरी खरी सत्तर टक्क्यांच्या वर जाईना. कारण कंट्रोलर पॅनेलपाशी होता. बारीक वायरीत व्होल्टेज वाटेतच गळत होतं, त्याला आपल्या टोकाला चौदा दिसत होते, बॅटरीपर्यंत पोचत होते तेरा-सव्वातेरा. म्हणजे त्याच्या मते काम झालेलं आणि इकडे बॅटरी उपाशी. कंट्रोलर कायम बॅटरीजवळ पाहिजे, आणि त्यात दोन जाती असतात, स्वस्तातला पीडब्ल्यूएम नको, एमपीपीटी घ्या. पीडब्ल्यूएम पॅनेलला ओढून बॅटरीच्या व्होल्टेजवर आणतो, अठरा व्होल्टवर जे पॅनेल शंभर वॅट देतं ते तेरावर सत्तरच देतं, उरलेले हवेत. एमपीपीटी तेवढे फरकाचे व्होल्ट करंटमध्ये फिरवून देतो.

वायर आम्ही पुण्यातल्या तपकीर गल्लीतून आणली, तिथे सगळी इलेक्ट्रिकची दुकानं, सहा स्क्वेअर एमएमची. मामा खास साताऱ्याहून आलेले, दुकानदार म्हणाला काका अडीच बास होते, मामा म्हणाले तुझ्या घरी बास होत असेल. हिशेब असा की आठ मीटर जायला आणि आठ यायला, दहा अँपियरला अडीचच्या वायरीत सव्वा व्होल्टच्या आसपास जातो, सहाच्या वायरीत अर्धा. वजन थोडं वाढलं, पण मी वजनाच्या एवढी मागे लागलेली असूनही वायरीत वजन वाचवू नका असंच म्हणेन. ज्यांना बारीक वायरच वापरायचीय त्यांनी दोन्ही पॅनेल सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडून, लावायची, व्होल्टेज दुप्पट, करंट अर्धा, गळती कमी. फक्त कंट्रोलर तेवढं व्होल्टेज घेणारा आहे ना ते बघून. आम्ही उघड्या माळावर सिरीज करतो आणि झाडं असली की पॅरलल, म्हणजे शेजारी शेजारी जोडून.

त्याच गल्लीत एक प्रसंग झाला. मी बॅटरीसाठी एमसीबी, म्हणजे जास्त करंट आला की आपोआप पडणारा स्विच, मागितला, त्याने घरात लावतात तो दिला. मामांनी तो माझ्या हातातून घेऊन परत काउंटरवर ठेवला. एसीचा, म्हणजे घरच्या विजेचा, करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून एमसीबी पडला की ठिणगी विझते, डीसी कधीच शून्यावर येत नाही, ठिणगी तशीच धरून राहते आणि एमसीबीच पेटतो. डीसी लिहिलेलाच घ्यायचा. आणि फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात, त्याच्यापुढे मग काय ते जोडा. लिथियम बॅटरीत शॉर्ट झाला तर ती विचार करायला वेळ देत नाही.

हे सगळं ऐकूनसुद्धा मी एक लग, म्हणजे वायरीच्या टोकाला लावायची धातूची टोपी, साध्या पकडीने दाबून बसवला. लग दाबायचं क्रिम्पिंगचं हत्यार मामा परत घेऊन गेले होते आणि आम्हाला शनिवारी निघायचं होतं. रात्री अकराला फ्रीज, पंखे आणि लॅपटॉप सगळं चालू असताना गाडीत जळक्या प्लास्टिकचा वास. टॉर्च मारला तर फ्यूज होल्डरची एक बाजू उन्हात ठेवलेल्या चॉकलेटसारखी मऊ पडून खाली झुकलेली, फ्यूज मात्र शाबूत. फ्यूज उडणारच नव्हता ना, करंट जास्त नव्हताच, सांधा ढिला होता, तिथेच गरम होत होतं. ती रात्र पंख्याशिवाय, डासांसोबत काढली. घरी आल्यावर पहिलं क्रिम्पिंगचं हत्यार विकत आणलं. आता प्रत्येक ट्रिपला सगळं चालू करून अर्ध्या तासाने प्रत्येक सांध्याला हात लावून बघते, ताप आलेल्या पोराच्या कपाळाला लावतो तसा.

इन्व्हर्टरचं थोडक्यात. सहाशे वॅटचा प्युअर साइन आहे, म्हणजे घरच्यासारखी वीज देणारा, लॅपटॉपसाठी. पण नुसता चालू ठेवला, काहीही जोडलं नाही, तरी दहा-बारा वॅट खात बसतो. दिवसाचे अडीचशे झाले, म्हणजे दोन्ही पंख्यांच्या रात्रीएवढे! शक्य ते सगळं डीसीवर चालवा, लॅपटॉपलासुद्धा बारा व्होल्टचा चार्जर मिळतो. आम्ही इन्व्हर्टरला लाल चिकटपट्टी लावलीय, दिसला चालू की बंद करायचा.

आता सोलरवाल्यांना आवडणार नाही असं एक सांगते. तुम्ही एका रात्रीसाठी जाणार असाल तर सोलर लागतच नाही. आम्ही नंतर एक वीस अँपियरचा डीसी-डीसी चार्जर बसवला, गाडी चालू असताना अल्टरनेटरकडून, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राकडून, बॅटरी भरतो, तासाला अडीचशे वॅट-अवर. पुण्याहून तारकर्लीला आठ-नऊ तास लागतात, म्हणजे रिकामी बॅटरी घेऊन निघालं तरी पोचायच्या आत फुल्ल. वीसपेक्षा मोठा घेऊ नका, छोट्या गाडीचा अल्टरनेटर आधीच हेडलाइट आणि वायपर सांभाळत असतो, आणि तो किल्ली फिरवल्यावरच चालू होईल अशी सिग्नलची वायर इग्निशनवरून घ्या, नाहीतर सकाळी गाडी स्टार्ट होणार नाही आणि मग गावातली पोरं जमवून धक्का. सोलरची मजा दुसऱ्या दिवशी सुरू होते, तिसऱ्या दिवशी कळते, जेव्हा शेजारच्या तंबूवाले मोबाइल चार्ज करायला होमस्टेवाल्याच्या पडवीत बसलेले असतात आणि तुम्ही थंड ताक पिताय.

आणि पावसाळ्यात विसरा. जुलैत ताम्हिणीच्या बाजूला एका ओळखीच्यांच्या शेतात राहिलो होतो, दोनशे वॅटमधून भर दुपारी तीस निघत होते, तेही ढग जरा उजळले तर. पंखे लागत नाहीत ही एक सोय, फ्रीज घरी ठेवून गेलो ही दुसरी.

एकूण वजन विचाराल तर बॅटरी बारा, पॅनेल नऊ, इन्व्हर्टर, कंट्रोलर, डीसी-डीसी चार्जर, वायर-बियर मिळून पाच-सहा, म्हणजे सत्तावीस किलोच्या आत सगळं. पहिल्या खेपेच्या एका बॅटरीच्या निम्मंसुद्धा नाही. टपावरचं ठिपकेवालं पॅनेल काढून टाकलं, सिलंटचे डाग मात्र अजून आहेत, रॉकेल लावून बघितलं, जात नाहीत.

गेल्या महिन्यात सासूबाईंनी विचारलं, एवढं सगळं आहे तर मिक्सर चालेल का, ओल्या नारळाची चटणी करू तिथेच. मी हिशेब सांगितला की पाचशे वॅटचा मिक्सर दोन मिनिटं म्हणजे सतराच वॅट-अवर, आई, आरामात चालेल. मोठ्या तोऱ्यात लावला. बटण फिरवलं, मिक्सरने एकदा घुर्र केलं, इन्व्हर्टरने कुंईं करून मान टाकली. मोटार सुरू होताना दोन-तीनपट ओढते हे माझ्या वहीत नव्हतं. तीनदा करून बघितलं, तिन्हीदा तेच. शेवटी होमस्टेवाल्या काकूंच्या मागच्या पडवीत पाटा-वरवंटा निघाला, आणि आई तिथे बसून चटणी वाटता वाटता मला म्हणाल्या, "याला किती वॅट लागतात गं?"